पाचवं शील आणि चौथी टाकी

नाशिकला आल्यापासून लोक मला एकच विचारतात, वाइन करायला शिकलीस कुठं? जालना जिल्ह्यात म्हटलं की हसतात. जालन्यात बियाणं, लोखंड, मोसंबी. वाइन कुठली, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घालत नाही. त्यांना अजून हे सांगितलेलंच नाही की ज्यांनी मला शिकवलं ते वीस वर्षं वाइन करत होते आणि त्यांनी तिचा एक घोटही गिळलेला नव्हता. सांगितलं तर मला थापाडी म्हणतील.

आमचे सर पीत नव्हते. तोंडात घ्यायचे, जिभेवर फिरवायचे, डोळे मिटून अर्धा मिनिट उभे राहायचे आणि स्टीलच्या बादलीत थुंकायचे. थुंकणंही असं नेमकं, की बाहेर एक थेंब पडत नसे. मग पाण्यानं चूळ. दिवसाला साठ-साठ वेळा हे चालायचं आणि संध्याकाळी हा माणूस वाटूरच्या रस्त्यानं मोटारसायकलवर असा सरळ जायचा, की बघणाऱ्याला वाटावं सोसायटीचा सेक्रेटरी चाललाय.

मोटारसायकलवर ते नाकातोंडाला ओला टॉवेल बांधत. धुळीसाठी नव्हे, डिझेलच्या वासासाठी. गाणारी माणसं गळा जपतात तसं ते नाक जपायचे. हंगामाचे दोन महिने कांदा बंद, लसूण बंद, फोडणी बंद. डब्यात बिनफोडणीची खिचडी. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो. त्या एकदा मला म्हणाल्या, "ह्यांचं नाक जेवतंय बाई, अन् हे उपाशी राह्यतेत." काकूंच्या बोलण्यात तक्रार कमी आणि थकवा जास्त होता.

मी टेंभुर्णीची. बीएस्सी झाले, घरात स्थळं बघणं चालू होतं, आणि तेवढ्यात या वाइनरीच्या लॅबमधल्या मदतनिसाची जागा निघाली. मुलाखतीला जाताना आईनं हौसेनं केसात गजरा माळला. मी लॅबच्या दारात पोचले तर आतून एक ठेंगणा, सावळा, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातला माणूस पुढं आला आणि लगेच तीन पावलं मागं सरकला.

"बाई, डोक्यात मोगरा हाय. तोंडाला चमेलीची पावडर हाय. डब्यात मेथी हाय. मेथी चालंल. बाकीचं भाईर ठेवून या."

माझा नुसता संताप झाला. गजरा कुंपणाच्या तारेला अडकवला, नळाखाली तोंड धुतलं आणि ओल्या तोंडानं मुलाखतीला बसले. रसायनशास्त्राचं त्यांनी काहीच विचारलं नाही. झाकलेली वाटी पुढं केली, डोळे मिटायला लावले. मी म्हणाले, चिंच. "नवी का जुनी?" मी म्हणाले, नाही सांगता येत. त्यांनी वाटी उचलली आणि म्हणाले, "सोमवारपासून या. कळत न्हाई ते कळत न्हाई म्हणता, तेवढं पुरे."

मी काय काम करते हे माझ्या वडलांनी गावाला कधी सांगितलं नाही. गावासाठी मी ज्यूसच्या कंपनीत होते. सरांना हे कळलं तेव्हा ते चक्क खूश झाले. म्हणाले, "वडील बराबर सांगतेत. ज्यूसच हाय तो. आपलं काम एवढंच, की त्यातला ज्यूस मरू द्यायचा न्हाई."

हा त्यांचा ध्यास होता. लाल वाइनमध्ये फळ राहिलं पाहिजे. पेला नाकाशी नेला की आधी फळ भेटलं पाहिजे, दारू मागून आली तर आली. मालकांचं उलट होतं. मालक भला माणूस, पण त्यांना जड, कडक, लाकडात मुरलेली वाइन हवी असायची, कारण बाहेरून येणारे पाहुणे तिला मान डोलवायचे. सरांना लाकूड आवडत नसे. "लाकडाच्या पिंपात घातल्या की सगळ्या वाइना एकाच घरच्या सुना दिसतेत," म्हणायचे. "कुणाचं माहेर कोणतं, काही पत्ता लागत न्हाई."

मालकांनी एकदा बाटलीच्या मागच्या लेबलचा मजकूर मुंबईहून लिहून आणला. त्यात ब्लॅकबेरी होती, प्लम होतं, व्हायोलेटची फुलं होती. सरांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "साहेब, ह्यातलं तुमी काय काय खाल्लंय?" मालक हसले. सर हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतः एक मजकूर लिहिला: पिकून जमिनीवर पडलेलं जांभूळ, उन्हात तापलेलं करवंद, दोन दाणे मिरी, शेवटी मोसंबीच्या सालीचा कडवटपणा. मालकांनी तो कौतुकानं वाचला आणि लेबलवर ब्लॅकबेरीच छापली. सर तीन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

ते जांभूळ-करवंद नुसतं लिहिण्यापुरतं नव्हतं. लॅबमध्ये त्यांच्या काचेच्या बरण्यांची एक फळी होती. जांभळाचा रस, वाळलेली करवंदं, तुती, उंबर, मिरी, चिंचोका, गूळ, वावरातलं ढेकूळसुद्धा. रोज सकाळी कामाआधी त्या मला डोळे मिटून ओळखाव्या लागत. चुकले की ओरडायचे नाहीत, नुसतं "पुन्हा" म्हणायचे. एखाद्या सकाळी वीसवीसदा. मला त्या "पुन्हा"चा इतका राग यायचा की बरणी त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटायची. आज मी पेल्यातून तीन वर्षांमागचा उन्हाळा ओळखते, ती त्या रागाची कमाई आहे.

त्यांच्या नियमातून कुणीच सुटत नसे. टाक्यांवर काम करणारे गफूर मामू, वय साठ, एका ईदला नमाज पढून तसेच कामावर आले. कानात अत्तराचा फाया. सरांनी त्यांना दारातच थांबवलं. "मामू, आज आत यायचं न्हाई." मामू दुखावले. सणाच्या दिवशी आपणहून आलो आणि हा माणूस उंबऱ्यावर अडवतो म्हणजे काय. सर आत गेले, दोन खुर्च्या बाहेर आणल्या, लिंबाखाली टाकल्या आणि मामूंनी आणलेला शीरखुर्मा तिथंच बसून तीन वाट्या खाल्ला. हंगाम नव्हता, म्हणून खाता आला. नंतर टाक्यांची सगळी झाडलोट सरांनी एकट्यानं केली. मामू मला पुढं कित्येकदा म्हणाले, "दिमाग का टेढ़ा है, मगर दिल का बिलकुल सीधा."

तोडणीचा दिवस ठरवायचा म्हणजे तर घरचं लग्न. सगळे गोडी मोजून तोडतात. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, आकडा बघायचा, तोडा म्हणायचं. सरही आकडा बघायचे, पण त्यांचा भरवसा बीवर. ओळीओळीतून फिरत मणी तोंडात टाकायचे आणि बी चावायचे. बी हिरवट आणि तुरट लागली की, "अजून पोर हाय, राहू द्या." तपकिरी होऊन कुटकन फुटली, भाजलेल्या दाण्यासारखी लागली, की तोडणी. मग दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वस्तीवरच्या बाया यायच्या आणि नऊच्या ठोक्याला काम बंद. नऊनंतर आलेला एक क्रेटही सर आत घेत नसत. ऊन लागलेलं द्राक्ष टाकीत गेलं की फळाचा मुरांबा होतो, असं त्यांचं म्हणणं.

आत आल्यावरही सगळं हळू. देठ काढायचे, पण मणी चिरडायचे नाहीत. दोन दिवस गार ठेवायचे, म्हणजे सालीतला रंग आणि वास आधी उतरतो. मग यीस्ट. यीस्ट कामाला लागलं की साली वर येतात, त्यांची जाड टोपी होते. ती टोपी दिवसातून तीनदा खाली रसात दाबायची, पण मसाल्यासारखी कुटायची नाही. टाकीला ताप चढू द्यायचा नाही. आणि बियांचा कडवटपणा उतरायच्या आत साली वेगळ्या करायच्या. "फळ बागेतूनच येतं," सर म्हणायचे. "आपुन काही आणत न्हाई. आपुन फकस्त सांडू देत न्हाई."

आता त्या न गिळण्याचं सांगते. सरांच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरी रोज सकाळी बुद्धवंदना आणि पंचशील. त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. सरांचे वडील सकाळी पाचही शीलं म्हणायचे आणि संध्याकाळी पाचवं मोडायचे. त्यातच ते गेले. सर तेव्हा नववीत होते. पुढं बियाण्याच्या कंपनीतली तपासनिसाची नोकरी सोडून सरांनी नाशिकला जाऊन हे काम शिकायचं ठरवलं, तेव्हा आईनं त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "हातानं कर, नाकानं कर. गळ्याखाली जाऊ देऊ नको."

नुसतं सांगून ती माउली थांबली नव्हती. सर संध्याकाळी घरी पोचले की ती ओट्यावर उभी असायची. सर गाडी लावायचे, खाली वाकायचे, तोंड उघडून श्वास सोडायचे आणि ती वास घ्यायची. पन्नाशीच्या माणसाचा. भर रस्त्यावर. सरांचं नाक कुठून आलं ते मला तिला बघितल्यावर कळलं. मी एकदा विचारलं, आजी, वास तर यायचाच, दिवसभर तोंडात वाइनच असते, मग तुम्हाला कळतं कसं? ती म्हणाली, "चूळ भरलेला वास व्हटावर राह्यतो. गिळलेला छातीतून येतो. नवऱ्याचा वीस वर्सं घेतला म्या."

विहारातल्या एकानं सरांना एकदा सुनावलं होतं, की पिणंच नाही, मद्याचा धंदाही धम्मात बसत नाही. सरांनी ओढूनताणून उत्तर शोधलं नाही. मला म्हणाले, "ते बराबर बोलून राह्यले. माझं तेवढं चुकतंय. म्हणून जे हातात हाय ते तरी सांभाळतो." त्यांची ही गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटायची. आता वाटत नाही.

करोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी मालकांनी सरांचं ऐकलं. आठ वर्षं सर मागं लागले होते. मालक म्हणाले, शिराझची, म्हणजे आपल्या काळ्या द्राक्षांची, चौथी टाकी तुमच्या मनासारखी करा. लाकूड नाही, काही नाही, नुसतं फळ. जमलं तर पुढच्या वर्षीपासून निम्मी बाग त्याच रीतीनं. नाही जमलं तर शिराझ उपटायची आणि मोसंबी लावायची, मग मला काही म्हणायचं नाही. सर कबूल झाले. त्या दिवशी त्यांनी शर्टाच्या बाह्या न दुमडताच टाकी धुतली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सर तापानं पडले. घरात आईलाही ताप. आम्ही सगळ्यांनी आजीची आशा सोडली होती, पण दोघंही उठली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सर कामावर आले, बी तपकिरी व्हायला लागली होती तेव्हा. गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावरून ओघळलेला. ते नसल्यानं मी सैल झाले होते. आदल्या दिवशी भाचीचं बारसं होतं, त्यातला गजरा केसात तसाच. सर आले, माझ्या अगदी जवळ उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, गोडी किती आली?"

मी आकडा सांगितला. ते मान हलवून पुढं गेले. मला आधी हायसं वाटलं, वाचले म्हणून. आणि मग लक्षात आलं, मोगरा अजून माझ्या डोक्यातच होता.

मी गजरा काढून ओढणीत लपवत होते तेवढ्यात ते वळले. "काय काढलंस?"

"मोगरा, सर."

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "बरण्या आण." मी एकेक बरणी उघडून त्यांच्या नाकाशी धरली. जांभूळ, काही नाही. करवंद, नाही. मिरीनं शिंक आली, वास नाही. शेवटी मी फिनेलची बाटली आणली. ते म्हणाले, "झोंबतंय. पण काय हाय ते कळंना." त्यांचे डोळे लाल झाले होते, फिनेलनं की कशानं, मी विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मला दुसऱ्याच्या दुःखाची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मालकाला सांगू नको," सर म्हणाले. "ह्या हंगामाला तुझं नाक माझं. तू वास सांग, पुढचं मी बघतो. जे येईल ते सांग. चांगलं-वाईट मी ठरवीन."

मी हो म्हणाले.

तोडणी छान झाली. बी कुटकन फुटत होती, तेवढं त्यांच्या दातांना कळत होतं. मणी गार बसले, रंग उतरला. यीस्ट टाकलं. पहिले चार दिवस मी टाकीवर चढून वाकायचे आणि खाली उभ्या सरांना सांगायचे. जांभूळ, सर. करवंद, कच्चं. थोडी मिरी. ते डोळे मिटून ऐकायचे आणि वहीत लिहायचे. मी सांगितलेलं जांभूळ ते आठवणीतून नाकात आणायचा प्रयत्न करायचे, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. ते बघवत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी वाकले तर आतून बारीकसा सडक्या अंड्याचा वास आला.

हे होतं. यीस्टला खाद्य कमी पडलं की ते असं रुसतं. तेव्हाच्या तेव्हा खाद्य द्यायचं, रस जरा हवेत खेळवायचा, वास निघून जातो. मला हे पाठ होतं, सरांनीच शिकवलेलं. पण आदल्या दिवशीच ते संभाजीनगरच्या डॉक्टरांकडं जाऊन आल्याचं मला माहीत होतं. डॉक्टर म्हणाले होते, येईल किंवा येणार नाही, सांगता येत नाही. सर खाली वही घेऊन उभे होते. वर बघत होते. म्हणाले, "काय येऊन राह्यलं?"

मी म्हणाले, "जांभूळ, सर. मस्त."

मला वाटलं, दुपारपर्यंत जाईल. कधीकधी आपोआप जातो. दुपारी थोडा वाढला होता. मी पुन्हा जांभूळच म्हणाले, कारण आता खरं सांगायचं तर सकाळचं खोटंही सांगावं लागलं असतं. मी स्वतःच थोडं खाद्य टाकलं, गुपचूप, अंदाजानं. सहाव्या दिवशीही जांभूळ. तिसऱ्यांदा खोटं बोलताना मला काहीच वाटलं नाही, आणि याचीच मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

सातव्या दिवशी टोपी दाबायला मामू वर चढले. सरांनी सहज वर बघितलं. मामूंनी नाकाला रुमाल लावला होता.

सर माझ्याकडं वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली. "कधीपासून?"

"परवापासून."

"बाई," ते म्हणाले, "माणसानं माणसाचं मन राखावं. नाकानं राखू न्हाई." मग लगेच कामाला लागले. रस या टाकीतून त्या टाकीत उंचावरून सोडला, खाद्य दिलं, दोन दिवस घरी गेले नाहीत. पण तो वास आता मुरला होता. शेवटी तांब्याचं औषध घालावं लागलं, मोजून, थेंबाथेंबानं. वास गेला. जाताना फळ घेऊन गेला. मी वाकले तेव्हा टाकीत लाल रंग होता, आंबटपणा होता, दारू होती. सरांनी विचारलं. या वेळी मी खरं सांगितलं. जांभूळ नाही, करवंद नाही, काहीच नाही.

मे महिन्यात मालकांनी चव घेतली. वाईट नाही म्हणाले. त्यांच्या तोंडून "वाईट नाही" म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. मी सगळं सांगायला तोंड उघडलं तर सरांनी हातानं गप्प केलं आणि म्हणाले, "चूक माझी झाली साहेब. यीस्टला खाद्य द्यायचं राह्यलं." चौथी टाकी दुसऱ्या मालात मिसळायला गेली.

मालक गेल्यावर लॅबमध्ये आम्ही दोघंच. भर दुपार. सरांनी चौथ्या टाकीतला पेला भरला. तोंडात घेतला, फिरवला, थुंकला. पुन्हा घेतला, थुंकला. तिसऱ्यांदा घेतला आणि त्यांचा कंठ हलला.

ते बराच वेळ उभे होते, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. मग पेला खाली ठेवला.

"पुस्तकात लिव्हलंय, गिळलं की वास घशातून मागच्या मागं नाकात चढतो," ते म्हणाले. "म्हणलं, पुढचं दार बंद हाय, मागच्या दारानं तरी कळंल काय करून ठेवलं ते."

"आला?"

"न्हाई." त्यांनी पेला धुवायला घेतला. "शील बी गेलं."

मला रडू कोसळलं. माझ्या एका जांभळानं या माणसाची टाकी गेली, बाग गेली आणि वर हे. मी पाया पडायला वाकले तर ते मागं सरकले, "पाया पडून काय होतंय," म्हणाले आणि चूळ न भरताच घरी निघाले. का नाही भरली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांना सापडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून सांगितलं. ओट्यावर आई उभी होती. ते वाकले, छातीतला सगळा श्वास बाहेर सोडला. आईनं वास घेतला आणि म्हणाली, "साफ हाय. जा, जेवून घे."

सर माझ्याकडं न बघता सांगत होते. "आधी वाटलं, माफ केलं. मंग ध्यानात आलं. तिला बी येत न्हाई. ताप दोघाला बी आल्ता. तवापासून रोज वास घेते अन् रोज साफ हाय म्हणते."

"मग तुम्ही सांगितलं तिला?"

"काय सांगू? सांज झाली की ती म्हातारी धडपडत भाईर येऊन उभी राह्यते. तेवढं एक काम हाय तिला. ते काढून घेऊ?" आणि मग हळूच, "तुझं काय झालं असंल त्या दिवशी, ते मला काल समजलं."

हे त्यांनी मला माफ केलं म्हणायचं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

हंगाम संपल्यावर सर नोकरी सोडून गेले. मी त्याच वर्षी नाशिकला आले. शिराझ उपटली, तिथं आता मोसंबी आहे. सणासुदीला मी फोन करायचे. नाक आलं का असं मी विचारायचे नाही आणि ते सांगायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात काकूंचा फोन आला, आजी गेल्या म्हणून. मला लगेच निघता आलं नाही, दोन महिन्यांनी वाटूरला गेले. सर बारीक झाले होते. काकूंनी चहा दिला. नाकाचं त्याच बोलल्या, की जळालेलं कधीमधी कळतं, बाकी नाही. चहा झाल्यावर सर म्हणाले, "बाई, आत ये. एक काम हाय."

आतल्या खोलीत लोखंडी पेटी होती. त्यांनी ती उघडून तळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, गाठ मारलेली. आत निळं लुगडं. आजीच्या अंगावरचं शेवटचं. धुवायचं नाही म्हणून काकूंना बजावून ठेवलेलं. गाठ सोडून त्यांनी ते दोन्ही हातांवर माझ्यापुढं धरलं.

"मला येत न्हाई," ते म्हणाले. "तू घे. काय काय येतं ते एकेक करून सांग. जल्दी न्हाई. बस."

मी खाली बसले आणि लुगड्यात तोंड घातलं.

डांबराच्या गोळ्या. दुसरं काही नाही. मी पदर उलगडून बघितला, ती हात पुसायची ते टोक बघितलं, निऱ्यांच्या आतल्या घड्या बघितल्या. मी डोळे मिटून बारा वर्षांचं सगळं शिक्षण त्या लुगड्यात घातलं. सगळीकडं तोच जाळणारा पांढरा वास. आजीचा वास मला माहीत होता. एकदा तिनं मला जवळ घेतलं होतं तेव्हाचा, कात, खोबरेल आणि चुलीचा धूर. मी ते तीन शब्द म्हटले असते तर ते खोटंही झालं नसतं. सर समोर उकिडवे बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, टाकीखाली उभे राहून मिटायचे तसे.

"डांबराच्या गोळ्या, सर."

"अजून?"

"अजून काही नाही."

त्यांनी डोळे उघडले. "गोळ्या मीच टाकल्या," ते म्हणाले. "कसर लागू न्हाई म्हणून. मूठभर टाकल्या. मला काय कळायलंय, त्या एवढ्या तेज असतेत."

त्यांनी लुगडं माझ्या मांडीवरून उचललं, घडीवर घडी बसवली आणि बाजूला ठेवलं. मग पिशवी जमिनीवर उपडी केली आणि एकेक गोळी वेचायला लागले. मीही वेचायला लागले.